सड्यावरच्या रानफुलांची नोंद: पहिल्या फोटोपासून नकाशापर्यंत

माझ्या जुन्या हार्डडिस्कवर ‘पठार भटकंती’ नावाचा एक फोल्डर आहे. चार पावसाळ्यांचे चौदाशे फोटो. नंतर कधीतरी सह्याद्रीतल्या रानफुलांचा नकाशा करायचं डोक्यात घेतलं आणि तो फोल्डर उघडला, तर त्यातले नकाशावर टाकण्याजोगे निघाले फक्त एकसष्ट. बाकीचे सुंदर होते, पण कुठले, कधीचे, त्या फुलाची पानं कशी होती, काहीच सांगता येईना. तुमचे चार पावसाळे असे वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरणं मुख्यतः साताऱ्याच्या बाजूची पठारं आणि कोकणातले जांभ्याचे सडे (जांभ्या दगडाचे उघडे, सपाट माथे) यांची आहेत, कारण माझी पायपीट तिथलीच.

१. आधी परिसर ठरवा, आणि तो लहान ठेवा

‘सह्याद्रीतली रानफुलं’ हा परिसर नव्हे, ते स्वप्न आहे. दहा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद एवढा तुकडा घ्या. त्याचे दोन-दोन किलोमीटरचे चौकोन पाडले की पंचवीस होतात, आणि नोकरी सांभाळून दोन हंगामांत पंचवीस चौकोन फिरून होतात. ब्रिटनमध्ये १९६२ साली सबंध देशाच्या वनस्पतींचा नकाशासंग्रह निघाला, तोही अशाच चौकोनांवर, फक्त त्यांचे चौकोन दहा किलोमीटरचे होते आणि हाताशी शेकडो हौशी माणसं होती.

सुरुवात घराजवळच्या, वर्षात चार वेळा जाता येईल अशा सड्यापासून करा. प्रसिद्ध पठारांवर आधीच ढिगाने नोंदी आहेत. रिकामे आहेत ते शेजारचे, नाव नसलेले सडे.

२. परवानग्या आणि कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका.

- जागा कोणाची ते आधी विचारा. कोकणातले बरेच सडे खाजगी किंवा गावाच्या सामाईक मालकीचे असतात. सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना एकदा भेटून काय करतोय ते सांगितलं की पुढचे सगळे प्रश्न मिटतात.
- राखीव वन किंवा अभयारण्य असेल तर वनविभागाकडे लेखी अर्ज करा. त्यात उद्देश, तारखा, सोबत कोण, आणि ‘काहीही तोडणार नाही, फक्त फोटो व नोंदी’ हे स्पष्ट लिहा. मंजूर पत्राची प्रत आणि ओळखपत्र सोबत ठेवा.
- कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि हंगामात तिथल्या प्रवेशावर मर्यादा असते. अडवलेल्या भागातलं फूल हवं म्हणून आत शिरायचं नाही.
- वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मुळे अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय झाड उपटणं हा गुन्हा आहे. नमुना गोळा करणं हे नवख्याचं कामच नाही. कंद तर कुठेच उकरू नका.

३. सोबत काय घ्यायचं

फोन, पॉवरबँक, दोन्ही झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. वही आणि पेन्सिल. पेन नको, पहिल्या सरीत शाई पसरते आणि ‘पांढरं’ लिहिलंय की ‘जांभळं’ ते कळत नाही. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, दोरी लावून गळ्यात. सहा इंची पट्टी. छत्री, आणि ती डोक्यापेक्षा फुलावर जास्त धरावी लागते, कारण ओल्या पाकळीवर ऊन चमकलं की रंग उडालेला फोटो येतो.

परिसराचा नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. वर रेंज नसते, पण जीपीएसला रेंज लागत नाही, फ्लाइट मोडमध्येही ते चालतं.

कोकणातल्या सड्यावर दगडाखाली फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असू शकतं. आडोशाचं फूल पाहायला दगड उचलू नका, न बघता हात टेकू नका.

४. कधी जायचं

नवखा माणूस सप्टेंबरात एकदा जातो, गालिचे बघतो आणि यादी झाली असं समजतो. मीही तेच केलं होतं. एकच सडा दर तीन आठवड्यांनी वेगळा असतो. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतल्या कंदांची फुलं उघडतात, दीपकाडी, मुसळी, आणि ती थोडक्यात आटोपतात. मग चवर येते. पाणी साचलं की गेंद आणि सीतेची आसवं. तेरडा, कवला त्यानंतर जोरात. सोनकी पिवळी झाली की हंगाम उतरणीला लागला म्हणायचं. म्हणजे जून, जुलैचा शेवट, ऑगस्टचा शेवट, सप्टेंबरचा शेवट अशा निदान चार फेऱ्या हव्यातच.

कारवी सात वर्षांनी फुलते, मग मधल्या सहा वर्षांत तिची नोंद करायची नाही का? करायची. ‘फुलोरा नाही, झुडूप आहे’ अशी. कुठली कारवी कुठल्या वर्षी फुलते हे समजतं ते अशा कोरड्या नोंदींमुळेच.

५. जागेवरची नोंद

इथे थोडा वेळ थांबूया, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

फूल दिसलं की लगेच वाकू नका. उभ्यानेच एक फोटो घ्या, आजूबाजूची जमीन दिसेल असा. जांभ्यावरचा मातीचा पातळ थर, साचलेलं डबकं, कड्याची कपार, करवंदीच्या जाळीची सावली, हे त्या एका फोटोत आलं तर ओळखणाऱ्याचं निम्मं काम होतं. मग खाली पाय कुठे टेकतोय ते पाहा. उघड्या दगडावरून चाला. दगडाच्या खोलगटात जी चार बोटं माती असते तिच्यातच सगळं उगवतं, आणि एका बुटाखाली गेंदाचे पंधरा-वीस दांडे सहज जातात.

त्यानंतर हे फोटो, शक्यतो याच क्रमाने:

- अख्खं झाड, जमिनीपासून टोकापर्यंत
- फूल समोरून
- फूल बाजूने (तेरड्याची मागची शेपटी, आमरीची म्हणजे ऑर्किडची नळी इथेच दिसते)
- फुलाची मागची बाजू, निदलं (पाकळ्यांखालची हिरवी दलं) आणि छदं (फुलाच्या बुडाशी असलेली छोटी पानं) दिसतील अशी
- पानं खोडाला कशी लागली आहेत ते, आणि एक पान उलटं करून
- फळ किंवा शेंग असेल तर ती
- शेजारी पट्टी धरून एक

सगळ्यांत जास्त चुकतो तो बाजूचा फोटो. कवल्याचं पिवळं फूल समोरून बघितलं की ‘मिकी माऊस’ म्हणून सगळे खूश होतात, पण कवल्याच्या स्मिथिया या प्रजातीत इथे बऱ्याच जाती आहेत आणि एकमेकींपासून त्या वेगळ्या होतात निदलांवरच्या केसांनी, शिरांनी, पानांनी. नुसता समोरचा चेहरा असलेले माझे चाळीस फोटो आजही ‘स्मिथिया, जात अनिश्चित’ म्हणून पडले आहेत. गेंदाचं तर विचारू नका. त्याची पांढरी बटणं लांबून सारखीच दिसतात आणि नक्की जात ठरवायला बी सूक्ष्मदर्शकाखाली घालावं लागतं. तिथे ‘गेंद’ एवढ्यावर थांबणं हीच बरोबर नोंद.

वहीत काय लिहायचं? माझी एक ओळ अशी असते:

*८ सप्टेंबर, स. ९.४०. सीतेची आसवं. १७.७२०१ उ., ७३.८१५३ पू., अचूकता ८ मी. सपाट जांभा, घोट्याएवढं वाहतं पाणी. शंभराच्या वर. पूर्ण फुलोरा. सोबत गेंद. फोटो ४११–४१८.*

संख्या मोजत बसू नका. ‘एक’, ‘दहाच्या आत’, ‘शंभराच्या आत’, ‘शंभराच्या वर’ हे चार कप्पे पुरतात. ‘भरपूर’ हा शब्द मात्र वापरू नका. माझ्या पहिल्या वहीत तो पानोपानी आहे, आणि भरपूर म्हणजे तेव्हा मला काय वाटलं होतं हे आता मलाच ठाऊक नाही.

६. जागेचे आकडे: इथे सगळे पडतात

अक्षांश-रेखांश दशांशात, चार स्थळांपर्यंत लिहा. चौथं स्थळ म्हणजे सुमारे अकरा मीटर, फोनला एवढंच नीट जमतं. दोनच स्थळं लिहिलीत तर फूल किलोमीटरभर इकडे-तिकडे होतं. फोनच्या पडद्यावर मीटरमध्ये अचूकताही दिसते, तीही उतरवा. फोन खिशातून काढल्या काढल्या आकडा घेऊ नका, मिनिटभर उघड्यावर धरा, आकडा स्थिर होतो.

आता सापळे.

अंश-मिनिटांचा सापळा: नकाशावर १७ अंश ४३ मिनिटं दिसतं आणि आपण वहीत १७.४३ लिहितो. खरं उत्तर १७.७१६७ आहे, कारण अंशात साठ मिनिटं असतात. चूक किती? बत्तीस किलोमीटर. फूल दुसऱ्या तालुक्यात गेलं.

उलटापालटीचा सापळा: आपल्याकडे अक्षांश सोळा ते बावीसच्या आसपास आणि रेखांश बहात्तर ते एक्याऐंशी. लहान आकडा अक्षांशाचा, एवढं पाठ करा. मी एकदा एका दिवसाच्या सगळ्या नोंदी उलट भरल्या आणि नकाशा उघडला तर साताऱ्याचा तेरडा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात फुललेला!

झूमचा सापळा: दरीपलीकडच्या कड्यावरचं फूल लांबून टिपलंत तर फोटोला चिकटलेली जागा तुमच्या पायांची असते, फुलाची नाही. अंदाजे अंतर आणि दिशा लिहून ठेवा आणि घरी जागा सरकवा. कड्याच्या टोकावर तर दहा मीटरची चूक फुलाला दरीच्या तळाशी नेते, म्हणून ‘कड्याच्या कपारीत, माथ्यापासून खाली’ असे शब्दही लिहा.

आणि चॅटच्या ॲपवरून आलेला फोटो: अशा वाटेने फोटो पाठवला की त्यातली जागेची माहिती बहुधा गळून जाते. मित्राकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. मोठा कॅमेरा वापरत असाल तर दिवसाच्या सुरुवातीला फोनच्या घड्याळाचा एक फोटो त्या कॅमेऱ्याने काढा. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असलं तरी मग फरक मोजून दुरुस्त करता येतो.

७. ओळख पटवणं

मराठी नाव पहिल्यांदा लिहा, पण त्याच्यावर विसंबू नका. मुसळी म्हणजे सफेद मुसळी की काळी? ती दोन अगदी वेगळ्या कुळांतली झाडं आहेत, एकीचं फूल पांढरं, दुसरीचं पिवळं. ‘सोनकी’ या नावाखालीही सेनेसिओ या प्रजातीच्या एकाहून जास्त जाती खपतात. उलट गावातल्या माणसाने सांगितलेलं नाव, ते कुठल्याही पुस्तकात नसलं तरी, गावाच्या नावासकट लिहून ठेवा.

शास्त्रीय नावंही बदलतात. जुन्नरजवळच्या शिवनेरीवर सापडणारं शिवसुमन वर्षानुवर्षं फ्रेरिया इंडिका म्हणून लिहिलं गेलं. आता काही ठिकाणी ते बूसेरोशिया फ्रेराय म्हणून भेटतं. दोन नावं म्हणजे दोन फुलं समजून नकाशावर दोन रंगांचे ठिपके देऊ नका.

फुलं ओळखणारं ॲप फोटोवरून नाव सुचवतं. ती सूचना आहे, निकाल नाही. सूचनेतली जात आपल्या भागात पूर्वी नोंदली गेली आहे का ते आधी बघा. नसेल तर फारच अपूर्व काहीतरी सापडलंय, किंवा, आणि हेच बहुतेक वेळा खरं असतं, ॲप चुकलंय. खात्री नसेल तर कुळावर (फॅमिली) किंवा प्रजातीवर (जीनस) थांबा. चुकीच्या नावापेक्षा अर्धवट नाव पुष्कळ बरं, कारण अर्धवट नाव कोणीतरी पूर्ण करतं आणि चुकीचं नाव कोणी तपासतच नाही.

८. देशी की पाहुणं?

आपला नकाशा देशी रानफुलांचा आहे, म्हणून हा प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारा. एकदांडी कुठल्याही बांधावर दिसते, जखमेवर तिचा पाला लावतात, इतकी ती घरची झाली आहे. पण ती मूळची मध्य अमेरिकेकडची. घाणेरी, रानमोडी, गाजर गवत, ओसाडी हीसुद्धा बाहेरचीच. रस्त्याच्या कडेला पसरलेला केशरी कॉसमॉस तर लोक ‘रानफुलांचा बहर’ म्हणून टिपतात!

यांना यादीतून वगळू नका, वेगळ्या रकान्यात टाका. पाच वर्षांनी रानमोडी कुठल्या चौकोनात शिरली ते सांगायला तोच रकाना उपयोगी पडेल. लावलेली, बागेतली झाडं मात्र ‘लागवड’ म्हणून खूण करा.

९. नोंद कुठे भरायची

दोन ठिकाणी भरा. एक, तुमची स्वतःची तक्ता-फाइल. दोन, एखादं सार्वजनिक व्यासपीठ, म्हणजे आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल. तिथे तुमच्याहून जाणकार माणसं नाव दुरुस्त करतात, फुकटात. आयनॅचरलिस्टवर फोटो, तारीख, जागा असलेल्या नोंदीला किमान दोघांची ओळख मिळाली आणि दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं जातीवर एकमत झालं की ती ‘रिसर्च ग्रेड’ होते, आणि परवाना खुला ठेवला असेल तर जीबीआयएफ या जागतिक भांडारातही जाते. खातं उघडल्यावर परवान्याची सेटिंग एकदा डोळ्यांखालून घाला.

फाइलचे रकाने: तारीख, वेळ, मराठी नाव, शास्त्रीय नाव, ओळखीची खात्री, अक्षांश, रेखांश, अचूकता, अधिवास, संख्या, अवस्था (कळी, फूल, फळ), देशी/बाहेरचं, फोटो क्रमांक, नोंद करणारा.

फाइल भरताना तीन गोष्टींनी माझे आठवडे खाल्ले. फोनचा मराठी कीबोर्ड देवनागरी अंक टाकतो, आणि नकाशाचं सॉफ्टवेअर त्यांना आकडे मानत नाही, अक्षरं मानतं, म्हणून जागेच्या रकान्यांत इंग्रजी अंकच हवेत. दुसरं, ०८-०९ ही तारीख एका संगणकावर आठ सप्टेंबर आणि दुसऱ्यावर नऊ ऑगस्ट होते. वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने केले की भांडणच मिटतं. तिसरं, फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) म्हणून जतन करताना अक्षरांसाठी ‘यूटीएफ-८’ निवडा, नाहीतर सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन परत येतात.

१०. दुर्मिळ फुलाचा पत्ता लपवा

कंदीलपुष्प, शिवसुमन, वायतुरा, एखादी दुर्मिळ आमरी सापडली तर तुमच्या फाइलमध्ये अचूक जागा लिहा, सार्वजनिक ठिकाणी नको. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींची जागा आपोआप सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात धूसर करतं, पण प्रत्येक दुर्मिळ जात त्या यादीत असेलच असं नाही, तेव्हा ‘ऑब्स्क्युअर्ड’ हा पर्याय स्वतः निवडा. आणि मग त्याच फुलाचा फोटो मागचा ओळखीचा सुळका दिसेल असा समाजमाध्यमांवर टाकू नका. कंदीलपुष्पाचे कंद खाण्यासाठी उकरले जातात, आणि फोटोवाल्यांच्या पायाखाली जातात ते वेगळेच.

११. नकाशा

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर मोफत आहे. सीएसव्ही फाइल आत घेताना ते एक्स आणि वाय विचारतं. एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. (नॉर्वे आठवा.) निर्देशांक पद्धत ईपीएसजी ४३२६ (अंशांतले अक्षांश-रेखांश) निवडा. चौकोन मात्र किलोमीटरमध्ये पाडायचे तर पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणासाठी ईपीएसजी ३२६४३ (मीटरमध्ये मोजणारी पद्धत) घ्या, आणि बिंदूंचा थर आधी त्याच पद्धतीत जतन करून घ्या. मग ‘क्रिएट ग्रिड’ने दोन किलोमीटरची जाळी, ‘काउंट पॉइंट्स इन पॉलिगन’ने चौकोनागणिक नोंदी.

पहिला नकाशा बघून हुरळू नका. गडद चौकोन बहुतेक वेळा तुम्ही जिथे जास्त हिंडलात ते असतात, डांबरी रस्त्याच्या जवळचे. म्हणून फेऱ्यांचीही फाइल ठेवा: कुठला चौकोन, कुठली तारीख, किती तास, काय काय शोधलं. म्हणजे चौकोन रिकामा असेल तर ‘गेलोच नाही’ आणि ‘तीन तास शोधलं, नाही सापडलं’ यांना दोन वेगळे रंग देता येतात. मी पहिल्याला पांढरा आणि दुसऱ्याला राखाडी देतो.

१२. नकाशा गावाला परत द्या

जैवविविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. तुमच्या यादीची मराठी प्रत आणि छापील नकाशा तिथे द्या, दुर्मिळ जागा वगळून.

मी पहिल्यांदा असा नकाशा घेऊन गेलो तेव्हा पंचायतीच्या ओट्यावर गुरं राखणाऱ्या एक आजी बसल्या होत्या. त्यांना ओढा, देऊळ, तळं दाखवून नकाशा समजावला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि वरच्या कोपऱ्यातल्या एका राखाडी चौकोनावर बोट ठेवलं.

“हितं काय न्हाई म्हनतोस?”

“शोधलं आजी. तीन तास.”

“कंदी?”

“सप्टेंबरात. गणपतीनंतर.”

“मग कसं घावंल? श्रावणाच्या तोंडाला ये. समदी चवर असती तितं.”

त्या चौकोनाची पुढची फेरी आता जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लिहून ठेवली आहे.